तीनशे बारा पाळणे

सहदेव अंभोरेला दारूचा नाद नव्हता, तंबाखूचा नव्हता, पत्त्यांचा तर नव्हताच नव्हता. खोड एकच होती, टापटिपीची. वायर गुंडाळली तर ती दर वेळी त्याच मापाची गुंडाळायची, माईक पुसून डब्यात ठेवायचा, डब्यावर चिठ्ठी चिकटवायची. गावातले लोक म्हणायचे, सहदेवभाऊ भोंग्यालेही पावडर लावून निजवत असतील. व्यसनी माणूस घर बुडवतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. टापटिपीचा माणूसही बुडवू शकतो, हे सहदेवला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, एका शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता कळलं.

बीबी गावच्या बसस्टँडपासून चार पावलांवर त्याचं दुकान. पाटीवर 'अंभोरे साऊंड सर्व्हिस'. लग्नाला भोंगे, सभेला माईक, आणि काउंटरवर एक जुना कॉम्प्युटर. एक काळ असा होता की बाजाराच्या दिवशी या कॉम्प्युटरपुढं रांग लागायची. लोक मेमरी कार्ड आणून द्यायचे, सहदेव त्यात गाणी भरून द्यायचा. आता गाणी हवेतूनच मिळतात, त्यामुळे रांग गेली. पण गाणी राहिली. एकेचाळीस हजार. त्यातलं निम्मं लोकांच्या कार्डांतून इकडंतिकडं फिरून परत आलेलं, एकच गाणं सात नावांनी सात ठिकाणी पडलेलं. सहदेवला ते बघवायचं नाही. घरात सात झाडू आहेत आणि एकही जागेवर नाही, असं त्याला वाटायचं.

या एकेचाळीस हजारांत एक फोल्डर 'जनका' नावाचं होतं. जनका म्हणजे त्याची बायको, जनकाबाई.

लग्न झालं तेव्हा सहदेव पेटी वाजवायचा आणि जनकाबाई गायची. आसपासच्या चाळीसएक गावांत कुठं बारसं निघालं की या दोघांना बोलावणं. बौद्ध वस्तीतून तर यायचंच, पण पाटलांच्या वाड्यांतूनही बाया निरोप धाडायच्या. पाळणा जनकाबाईनं स्वतःच जुळवलेला होता. चार कडवी. धृपदात लेकराचं नाव घालायचं, तिसऱ्या कडव्यात त्याच्या आईचं. बाकी शब्द तेच, चाल तीच, सहदेवची पेटी तीच, आणि दुसऱ्या कडव्यानंतर जनकाबाई जरा थांबून पाळण्यात डोकावायची, ती जागाही तीच.

हलवा गं दोरी हळूहळू,
समताचं नाव लागलं कळू.

समताच्या जागी पुढच्या गावात विशाखा, त्याच्या पुढच्या गावात रामेश्वर. सहदेव दर वेळी ते टेप करायचा. एक प्रत घरच्यांना द्यायची, आधी कॅसेट, मग सीडी, मग मेमरी कार्ड. एक आपल्याजवळ ठेवायची. आणि वहीत लिहायचं, तारीख, गाव, लेकराचं नाव, आईचं नाव, असला तर फोन नंबर. असे तीनशे दहा पाळणे झाले. कॉम्प्युटर आल्यावर त्यानं ते सगळे त्यात उतरवले आणि जुन्या कॅसेट-सीडींचा पसारा काढून टाकला.

शेवटचे दोन वेगळे होते. ते कुणाच्याच बारशाचे नव्हते.

तीन वर्षांपूर्वी जनकाबाईचा आवाज बसला तो उठलाच नाही. काढे झाले, गुळण्या झाल्या, मग संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. बाई जगेल, पण बोलणार नाही. ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी दुपारी जनकाबाईनं दुकानाचं शटर खाली ओढायला लावलं आणि म्हणाली, "माईक लावा. प्रसेनजितच्या लेकराचा पाळणा म्हणून ठेवतो."

प्रसेनजित त्यांचा मुलगा, पुण्याला नोकरीला. त्याच्या लग्नाला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. सून महामाया, तिच्याकडं अजून काही बातमी नव्हती.

"लेकराचा पत्ता नाही आन् पाळणा काऊन?" सहदेव म्हणाला.

"लेकरू येईन तवा मी कशी म्हणू?"

मुलगा झाला तर प्रज्वल, मुलगी झाली तर समता, ही नावं तिनं ठरवूनच ठेवली होती. तिनं दोन्ही पाळणे म्हटले. आधी प्रज्वलचा. तो बसक्या आवाजात का होईना, नीट झाला. मग समताचा. त्यात चौथ्या कडव्याला आवाज हलला, दोनदा श्वास अडकला, पण तिनं पुरा केला. सवयीप्रमाणे सहदेवचा हात बटनाकडं गेला, तेव्हा ती म्हणाली, "बंद करू नका हो इतक्यात."

मग ती काही बोललीच नाही. पन्नास सेकंद नुसता पंख्याचा आवाज. शेवटी त्यानंच बंद केलं. एरवी प्रत्येक गाण्याच्या शेवटची खरखर कातरून टाकणाऱ्या सहदेवनं त्या फाईलला कात्री लावली नाही. जनकाबाईनं ती कधी ऐकली नव्हती, ऐकायची तिला हिंमत होत नव्हती. शेवटी काय राहिलंय ते एकट्या सहदेवला ठाऊक होतं. शटर उचलताना जनकाबाई म्हणाली, "आता हे तुमच्यापाशी. जपजा." दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं. बाहेर आली ती गळ्याला भोक घेऊन आणि हातात पाटी-पेन्सिल घेऊन.

ती पाटी आता तीन वर्षांची झाली होती. आणि महामाया सव्वा महिन्यापूर्वी बाळंत झाली होती. मुलगी. रविवारी बीबीतच बारसं. प्रसेनजितनं पुण्याच्या मित्रांपासून सासुरवाडीपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आमच्या पोरीला आजीचा पाळणा आहे, आजीच्या आवाजात.

आता घात कसा झाला ते सांगतो. गुरुवारी हार्ड डिस्क भरली. एका लग्नाचं सगळं रेकॉर्डिंग त्यात उतरवायचं होतं आणि जागा नव्हती. दुप्पट झालेल्या फाईली शोधून काढणारा एक प्रोग्राम प्रसेनजितनं चौदा एप्रिलला आला तेव्हा टाकून दिला होता. "बाबा, नावावरून नका शोधू," तो म्हणाला होता, "तुमच्याकडं नावं सगळी उलटीपालटी आहेत. हा प्रोग्राम आवाज ऐकून सांगतो कोणतं गाणं कोणासारखं आहे."

सहदेवनं त्याला आवाज ऐकायला लावलं. दोन तास तो ऐकत राहिला आणि मग त्यानं यादी पुढं ठेवली. सहदेवनं पहिले साठ-सत्तर गट स्वतः तपासले. सगळे बरोबर. एक गाणं सात ठिकाणी, सहाला खूण, एक ठेवलेलं. किती शहाणं यंत्र आहे, असं वाटलं त्याला. सत्तरानंतर त्यानं बघायचं सोडलं, सगळ्यांना मान्यता दिली आणि बटन दाबलं. इतक्या फाईली कचरापेटीत मावणार नाहीत, कायमच्या पुसू का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. हो म्हणाला. भिंतीला नवा चुना दिल्यावर वाटतं तसं त्याला मोकळं वाटलं. संध्याकाळी त्या मोकळ्या जागेत लग्नाचं रेकॉर्डिंग भरून तो घरी गेला आणि चांगला झोपला.

शुक्रवारी सकाळी बारशाची तयारी म्हणून त्यानं 'जनका' फोल्डर उघडलं. आत एकच फाईल होती.

त्याला आधी वाटलं, चुकून दुसरंच फोल्डर उघडलं. बंद करून पुन्हा उघडलं. एकच. नाव होतं 'प्रज्वल'. त्यानं मशीन बंद करून चालू केलं. एकच. मग त्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला आणि तो उजेड फार वाईट होता. चाल तीच, पेटी तीच, बाई तीच, शब्द नव्वद टक्के तेच. यंत्रानं ऐकलं आणि म्हटलं, हे तर एकच गाणं तीनशे बारा वेळा. त्यातली सगळ्यात साफ फाईल त्यानं ठेवली. शेवटच्या दिवशी सहदेवनं सगळ्यात चांगला माईक लावला होता. समताच्या फाईलला चौथ्या कडव्यातली घरघर आणि शेवटची खरखर होती, ती मागं पडली. तीनशे बारा लेकरांतून एकच उरलं, आणि तेच जन्माला आलेलं नव्हतं.

सहदेवला आधी स्वतःचा नाही, जनकाबाईच्या डोळ्यांचा विचार आला. ती रागावेल याची भीती नव्हती. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती रागावली तेव्हा बोलली होती, भांडली होती, आणि भांडणाला उत्तर देता येतं. आता ती नुसती बघेल. त्या बघण्याला काय उत्तर द्यायचं?

चिखलीत दीपक नावाचा माणूस होता, पुसलेल्या फाईली परत काढणारा. सहदेवनं फोन लावला. दीपकनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

"भाऊ, पुसल्यावर त्या डिस्कवर काही टाकलं तं नाही ना?"

सहदेवला गुरुवारची संध्याकाळ आठवली. "टाकलं," तो म्हणाला. "लग्न टाकलं."

दीपक म्हणाला, "बघू. मी सांगतो तसं करा."

तीन तास लागले. दीपक फोनवरून सांगत होता आणि सहदेवची बोटं कळफलकावर चुकत होती. दुपारी दीड वाजता पडद्यावर नावं उमटायला लागली. विशाखा. रामेश्वर. तेजस्विनी. आणि खाली, समता. सहदेवच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ती फाईल लावली.

आतून हळदीचा डीजे वाजला. कुणीतरी ओरडत होतं, नवरदेवाचे मामा पुढं या.

त्यानं विशाखा लावली. तिच्यात नुसती खरखर. रामेश्वर उघडलाच नाही. नावं सगळी परत आली होती, आत माणूस नव्हतं. दीपक म्हणाला, "भाऊ, वरून लिहिल्या गेलं ते. आता नाही होत." आणि त्यानं फोन ठेवला.

तेवढ्यात मागून दोन टाळ्या वाजल्या. जनकाबाई अशीच हाक मारायची, दोन टाळ्यांनी. सहदेव खुर्चीवरून उडालाच. ती जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिनं डबा ठेवला, पाटी काढली, लिहिलं, 'पाळणा लावा. रविवारच्या आधी एकदा ऐकतो.'

तीन वर्षं जिनं ती फाईल ऐकली नव्हती, तिला आजच हिंमत झाली होती.

"अॅम्प्लिफायर खोलला हाये," सहदेव म्हणाला. अॅम्प्लिफायर समोर धडधाकट उभा होता, त्याचा लाल दिवाही लागलेला होता. जनकाबाईनं त्या दिव्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "म्हंजे आतून बिघडला," तो म्हणाला. "उद्या करतो."

तिनं पाटी पुसली आणि गेली. डब्यातली भाजी सहदेवनं अर्धीच खाल्ली. एक घास घेतला की त्याला तिच्या गळ्याचा रुमाल दिसायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्या दिवशी रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस आपल्यालाच विचारायला येतोय, असं त्याला वाटत होतं.

संध्याकाळी त्यानं वही काढली. तीनशे दहा नावांवरून बोट फिरवत गेला आणि समता शोधली. तीन सापडल्या. पहिली रोहिणखेडची. तिच्या वडिलांना फोन लावला तर ते म्हणाले, तो मोबाईल विहिरीत पडला. दुसरीचं घर सुरतेला गेलं, नंबर लागत नव्हता. तिसरी साखरखेर्ड्याची. तारीख तेरा वर्षांपूर्वीची, आईचं नाव काजल, नंबर आजीचा, चांगुणाबाईचा. चांगुणाबाईनं फोन उचलला आणि सहदेव काही विचारायच्या आतच म्हणाली, "जय भीम, दादा. आजच सकाळी तुमचाच पाळणा वाजला घरात."

शनिवारी सकाळी त्यानं मोटारसायकल काढली. पिशवीत लॅपटॉप आणि कार्ड वाचायचं यंत्र. घरी सांगितलं, मांडवाच्या पडद्याचं बघून येतो. रस्ताभर त्याच्या मनात एकच हिशोब चालला होता. आपण जे करतोय त्याला काय म्हणायचं? दुसऱ्याच्या लेकराचा पाळणा आपल्या नातीला. आवाज जनकाचाच, नाव समताचंच, मग खोटं कुठं आहे? आणि खोटं नाही तर मग घरी पडद्याचं निमित्त कशाला सांगितलं?

साखरखेर्ड्यात चांगुणाबाईनं चहा ठेवला, जुना बटनांचा मोबाईल आणला आणि पाळणा लावूनच दाखवला. तेरा वर्षांची समता, जिचा हा पाळणा होता, ती लाजून आत पळाली. सहदेव ऐकत राहिला. तेरा वर्षांपूर्वीची जनका. आवाज असा भरलेला की पत्र्याच्या खोलीला पुरून उरत होता. दुसऱ्या कडव्यानंतर ती थांबली, पाळण्यात डोकावली असणार, आणि तिथंच बाळ रडलं आणि बाया हसल्या. सहदेवनं हातातली बशी खाली ठेवली.

"पण दादा," चांगुणाबाई म्हणाली, "तुमच्यापाशी तं असनच ना हे? तुमी तं समद्यायचे जपून ठेवता."

"हाये ना," सहदेव म्हणाला. "जरा खराब झालं."

"मंग ठीक. मले भेव वाटते, हा मोबाईल जुना झाला. पण म्हटलं, हा गेला तरी बीबीले दादाजवळ हायेच."

तीनशे घरं असंच म्हणत असतील, हे त्याला त्या क्षणी लख्ख दिसलं. कुणी मोबाईल विहिरीत पाडला असेल, कुणाचं कार्ड धुण्यात गेलं असेल, आणि सगळे बिनघोर असतील, कारण बीबीला दादाजवळ आहे. त्याला उठून पळून जावंसं वाटलं.

त्यानं मोबाईलमधलं कार्ड काढलं, यंत्रात घातलं, यंत्र लॅपटॉपला लावलं. पडद्यावर पाटी आली. हे कार्ड फॉर्मॅट केल्याशिवाय वापरता येणार नाही, फॉर्मॅट करायचं का? आणि खालच्या दोन बटनांपैकी 'हो' आधीच निळं झालेलं होतं. नुसता एंटर लागला तर खेळ खलास. सहदेवची करंगळी एंटरपासून दोन बोटांवर होती. त्यानं हात उचलला आणि मांडीवर ठेवला. चांगुणाबाई शेजारी बसून कौतुकानं बघत होती. "काय म्हणते ते?" तिनं विचारलं. "काही नाही," सहदेव म्हणाला.

त्यानं माऊसच्या बाणानं 'नाही' धरलं, दोनदा खात्री केली आणि दाबलं. कार्ड काढलं. सदऱ्याच्या आतल्या बाजूनं त्याचे पिवळे पत्रे पुसले, फुंकर घातली, पुन्हा लावलं. पुन्हा तीच पाटी. पुन्हा 'नाही'. तिसऱ्यांदा त्यानं कार्ड लावताना डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आत सत्तावीस फाईली दिसत होत्या. पहिलं काम म्हणून त्यानं पाळणा तीन ठिकाणी उतरवला, लॅपटॉपवर, पेनड्राईव्हवर आणि स्वतःच्या मोबाईलवर. दुप्पट-तिप्पट प्रतींचा ज्याला आयुष्यभर तिटकारा होता, तो सहदेव त्या तिन्ही प्रती एकेक करून वाजवून बघत होता.

दुपारी दुकानात बसून त्यानं कापाकापी केली. तिसऱ्या कडव्यात काजलचं नाव होतं, ते काढायलाच हवं. प्रज्वलच्या फाईलमधलं महामायाचं नाव असलेलं कडवं तिथं बसवून बघितलं. दोन कडवी जनका भरल्या गळ्यानं गात होती आणि तिसऱ्याला एकदम तिचा गळा बसत होता, चौथ्याला पुन्हा सुटत होता. त्यानं ते कडवं काढून टाकलं आणि दुसऱ्याला सरळ चौथं जोडलं. दुसऱ्या कडव्यानंतरचं बाळाचं रडणं आणि बायांचं हसणं त्यानं दाबता येईल तेवढं दाबलं. जोड ऐकू येत नव्हता. परक्याला कुणालाच कळलं नसतं. प्रश्न परक्यांचा नव्हता.

रविवारी दहा वाजता घरापुढच्या मांडवात माणसं जमली. त्रिशरण-पंचशील झालं. पाळण्याला झेंडूच्या माळा होत्या, आत सव्वा महिन्याची पोर मुठी आवळून झोपलेली. जनकाबाई पाळण्याजवळ दोरी धरून बसली, मांडीवर पाटी. सहदेव कोपऱ्यात आपल्या मिक्सरपाशी. प्रसेनजितनं माईक घेतला आणि म्हणाला, "हा पाळणा आईनं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी म्हणून ठेवलेला आहे." एवढंच सांगून त्यानं माईक खाली ठेवला. महामायानं पदर डोळ्यांना लावला. मांडवातल्या सगळ्यांनी मिळून सहदेवकडं बघितलं.

त्यानं बटन दाबलं.

पहिल्याच ओळीला जनकाबाईचं डोकं वर झालं. सहदेव तिच्याशिवाय कुणाकडंच बघत नव्हता. तिचा चेहरा हलला नाही, पण दोरी ओढणारा हात थांबला. दुसऱ्या बायांनी दोरी हलवली. "कसा गोड आवाज, आजारपणातबी," कुणीतरी म्हणालं. जनकाबाईनं डावा हात मांडीवर ठेवला आणि कडवी मोजायला लागली. अंगठा. तर्जनी. मग गाणं थेट चौथ्या कडव्यावर गेलं आणि तिचं मधलं बोट अर्धवट उचललेलं तसंच राहिलं. ते बोट तसंच ठेवून तिनं मांडवाच्या या टोकाला बघितलं.

सहदेवला वाटलं, आता मरण आलं तर बरं.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या, प्रसेनजितला दोघांनी मिठी मारली, बाया पाळण्याभोवती गोळा होऊन लेकराच्या कानात नाव सांगायला लागल्या. त्या गर्दीतून जनकाबाई उठली आणि सहदेवच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. पाटीवर लिहिलं, 'साखरखेर्डा.' पुढं प्रश्नचिन्हही नव्हतं. तीनशे घरांतून तिनं घर बरोबर ओळखलं होतं, बाळ रडल्यावर बाया हसल्या त्याचा जो बारीक आवाज उरला होता त्यावरून.

सहदेवनं मान हलवली.

'आपला?'

"माह्या हातानं पुसल्या गेला," तो म्हणाला. "समदेच गेले, जनका. तीनशे अकरा. मी नीट पाहालं नाही." एवढं बोलायला त्याला तीन दिवस लागले होते. बोलून झाल्यावर त्यानं टेबल धरलं.

जनकाबाईनं पाटी पुसली. मग लिहिलं तेव्हा अक्षर वाकडं आलं. 'त्या दिवशी मी भेली होती. आवाजात भेव होतं. पोरीनं भेलेली आजी काऊन ऐकावी. हे बरं झालं.'

सहदेवनं ते दोनदा वाचलं. ती खरं लिहीत होती की त्याला उभं राहता यावं म्हणून लिहीत होती, हे त्याला कळेना, आणि विचारायची त्याची छाती होईना. भीती होती, हे तर त्यालाही ठाऊक होतं. त्या पन्नास सेकंदांत दुसरं होतंच काय? पंखा, भीती, आणि त्याआधी बटनाकडं गेलेला हात थांबवणारं तिचं एक वाक्य, जे आता कुठल्याच डिस्कवर नव्हतं, कुठल्याच कार्डावर नव्हतं. ते आता फक्त त्याच्या कानात होतं, आणि त्याची दुसरी प्रत नव्हती. तिला ते सांगावं असं त्याला वाटलं.

स्पीकरमधून नुसती बारीक घूं ऐकू येत होती. काही वाजत नसताना मशीन चालू राहिलेलं सहदेवला कधी खपायचं नाही. त्याचा हात आपोआप बटनाकडं गेला.

जनकाबाईनं त्याचं मनगट धरलं. पाटी टेबलावर ठेवली होती, तिच्याकडं तिनं बघितलंही नाही. नुसती मान हलवली, नको म्हणून.

सहदेवनं हात मागं घेतला. मांडवात पंगत बसायला लागली, प्रसेनजित ताटं मागत होता, आणि तो स्पीकर तसाच घुमत राहिला. त्यानं तो बंद केला नाही.